ऑस्ट्रेलियाला राहायला जाताना घरचं खाणं: काय न्यायचं, कसं भरायचं, काय मागे ठेवायचं

माझ्या बॅगेत तांदूळ आहेत हे मला मेलबर्नच्या विमानतळावर कळलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईने ओटी भरली. मी ते सगळं देवापुढे ठेवलं आणि पुन्हा वजनकाट्याच्या मागे लागले. रात्री कधीतरी आईने ओटीचं ब्लाउजपीसमध्ये गाठोडं बांधून माझ्या साड्यांच्या घडीत सरकवलं. पोर परदेशी राहायला चाललीय, ओटी घरी ठेवून कशी जाईल, एवढाच तिचा विचार. तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. एक्स-रेच्या पडद्यावर साड्यांच्या मधोमध नारळ फार ठसठशीत दिसतो.

"बॅग तुम्ही स्वतः भरली का?" या प्रश्नाला मी नुकतंच छातीठोकपणे हो म्हटलं होतं. तरीही दंड झाला नाही, कारण विमानात भरलेल्या कार्डावर धान्य, बिया, खाण्याचे पदार्थ या सगळ्यांपुढे मी 'होय'वर खूण केली होती. अधिकारी बाईंनी गाठोडं सोडलं, आतलं सगळं काढून घेतलं आणि ब्लाउजपीस नीट घडी घालून मला परत दिला.

ही गोष्ट 2023 सालची. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यातलं कुणीही इकडे यायला निघालं की फोन मला येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

पहिली गोष्ट कार्डाची, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. विमानात 'इनकमिंग पॅसेंजर कार्ड' देतात. निळं किंवा काळं पेन जवळ ठेवा. दोनशे माणसं एकाच वेळी हवाईसुंदरीकडे पेन मागत असतात. कार्ड इंग्रजीतच भरायचं. मुलांचंही वेगळं कार्ड असतं, ते आईबापांनी भरून सही करायची. त्यात एक प्रश्न मांस, मासे, अंडी, दुधाचे पदार्थ, फळं, भाज्या यांचा असतो. दुसरा धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधं आणि लाकडी वस्तूंचा. म्हणजे च्यवनप्राशापासून पोळपाटापर्यंत सगळं त्यात आलं. आणखी एक प्रश्न आपल्याकडचे लोक हमखास चुकवतात: गेल्या 30 दिवसांत तुम्ही शेतावर किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का? निघण्यापूर्वी गावी जाऊन सगळ्यांना भेटून आला असाल, गोठ्यात डोकावला असाल, तर उत्तर 'होय'. मग चपला-बूट दाखवायला लागतात, म्हणून ते घरूनच घासून, तळव्याच्या खाचांतली माती काढून आणा.

शंका असेल तर 'होय' लिहा, असं त्या कार्डावरच छापलेलं आहे. 'होय' म्हटल्यावर काय होतं? वेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं, बॅग उघडून दाखवावी लागते, एखादी वस्तू जाते. बस. न्यायला बंदी असलेली वस्तू तुम्ही स्वतः सांगितलीत, तर तिच्यासाठी दंड नाही. 'नाही' लिहिलंत आणि सापडलं, तर मात्र जागेवरचा दंड होतो. 2024च्या नोव्हेंबरपासून दंडाचं एक एकक 330 डॉलर झालं, आणि अशी 20 एककं लागू शकतात. हिशोब करा, 6,600 डॉलर. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात. पण फिरायला आलेल्यांचा, विद्यार्थ्यांचा, तात्पुरत्या कामावर आलेल्यांचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. दोन वर्षं धडपडून मिळवलेला व्हिसा लाडवांच्या डब्यापायी घालवायचा का?

आपली माणसं खोटं बोलायची म्हणून 'नाही' लिहीत नाहीत. 'घरच्यापुरतं तर आहे', 'शिजवलेलंच आहे', 'एवढंसं तर आहे' असं त्यांना मनापासून वाटतं. कार्ड तुम्हाला किती आणि कशासाठी हे विचारत नाही. आहे का, एवढंच विचारतं.

आता पदार्थांकडे. सगळ्यात आधी तो किडा, कारण आपल्या फडताळातल्या निम्म्या वस्तू त्याच्यामुळे अडतात. खापरा भुंगेरा. नावही आपलंच आणि मूळही आपल्याकडचंच. साठवलेल्या धान्यात राहतो, दिसायला अगदी बारीक. त्याची अळी खायला काही मिळालं नाही तर फटीत निपचित पडून वर्षानुवर्षं जगते. ऑस्ट्रेलियात तो स्थिरावलेला नाही आणि त्या देशाचा गहू जगभर विकला जातो. तो इथल्या कोठारांत शिरला तर काय होईल याची त्यांना धास्ती आहे, आणि शेतकऱ्याची नात म्हणून मला ती पटते. 2020च्या ऑक्टोबरपासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या हे सगळं आणायला बंदी आहे. कुठल्याही देशातून आणलं तरी बंदीच. दुकानातल्या सीलबंद पाकिटात असलं तरी सुटका नाही. डाळ-तांदूळ आणू का, असं मला अजूनही दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नाही. इथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात सगळं मिळतं. तूरडाळ आहे, आंबेमोहोरसुद्धा शोधला तर सापडतो.

यातून वगळलेले पदार्थही आहेत आणि त्यातच आपली सोय आहे. कारखान्यात तळून, भाजून, उकडून किंवा फुलवून तयार केलेले आणि तिथेच पाकीटबंद झालेले पदार्थ या बंदीत येत नाहीत, कारण उष्णतेने किडा मरतो. म्हणून खारे दाणे, चकल्या, शेव किंवा चिवड्याचं छापील पाकीट आणायला हरकत नसते. पाकिटावर काय घातलंय ते इंग्रजीत छापलेलं हवं. घरी तळलेली चकली आणि कारखान्यात तळलेली चकली यांत किड्याच्या दृष्टीने काही फरक नसेलही. पण तुमच्या डब्यातली चकली कुठे आणि कशी तळली हे तपासणाऱ्याला दिसत नाही. छापील पाकिटावर ते दिसतं.

हे मला कळलं ते मसाल्यामुळे. सासूबाईंनी काळा मसाला करून दिला होता. दोन दिवस खपून, एकेक जिन्नस वेगळा भाजून. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. हे काय आहे, असं काउंटरवर विचारलं. मी म्हटलं, मसाला. कशाकशाचा? मग मी उत्साहाने सांगायला लागले. धने, जिरे, सुक्या मिरच्या... तिसऱ्या शब्दापाशी मला कळलं की मी बंदीची यादी तोंडपाठ म्हणून दाखवतेय. माझ्या विरोधात मीच साक्ष देत होते. मसाला पिवळ्या डब्यात गेला. सासूबाईंना मी अजून ते सांगितलेलं नाही. हे त्यांच्या वाचनात न येवो.

तेव्हा घरचा मसाला आणू नका, त्याचं प्रमाण आणा. सासूबाईंसमोर, आईसमोर वही घेऊन बसा. 'अंदाजाने' हे उत्तर चालवून घेऊ नका. त्यांनी मूठ भरली की ती काट्यावर ठेवा आणि ग्रॅममध्ये लिहा. दगडफूल किती, नागकेशर किती, तेलात काय परतायचं आणि कोरडं काय भाजायचं. जमलं तर भाजतानाचा व्हिडिओ काढा, म्हणजे रंग कुठवर न्यायचा ते कळतं. जिन्नस इथे मिळतात. पहिल्या वर्षी माझा मसाला कडवट झाला, दुसऱ्या वर्षी बरा झाला, आता नवरा काही बोलत नाही म्हणजे जमला असावा.

दुधाचं कारण वेगळं आहे. लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग आपल्याकडे आहे, ऑस्ट्रेलियात 1872नंतर झालेला नाही. त्याचा विषाणू दुधातून येऊ शकतो. 2022 साली शेजारच्या इंडोनेशियात हा रोग पसरला, तेव्हा विमानतळांवर प्रवाशांचे बूट जंतुनाशकाच्या पायपुसण्यांवर पुसून घेत होते. म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ले, रसमलाई यांतलं काहीही भारतातून आणता येत नाही, मिठाईच्या दुकानाच्या कितीही देखण्या खोक्यात असलं तरी. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्यांचे पेढे हटकून पकडले जातात. कढवलेलं तूपही आणू नका असं मी सांगते. इथे दूधदुभतं भरपूर आहे, चांगलं लोणी मिळतं, घरी कढवा. बेरीही खायला मिळते.

मांस आणि अंडी यांचा विचारच करू नका. ताजी फळं, भाज्या, पालेभाज्या, विड्याची पानं, फुलं हेही नाही. निरोप द्यायला आलेल्यांनी गजरा माळला असेल तर तो विमानातच काढून ठेवा. कढीपत्त्याबद्दल लोक हटून बसतात. चार काड्यांनी काय होतंय? कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. त्याच्या पानांवर बसणारा एक बारीक कीटक ग्रीनिंग नावाचा रोग पसरवतो, आणि त्या रोगाने संत्र्या-लिंबाच्या बागा उभ्या वाळतात. इथे कुणाच्यातरी परसात कढीपत्त्याचं झाड असतंच. ओळखी होईपर्यंत दुकानातून घ्या. आणि विमानात मुलाला दिलेलं सफरचंद किंवा सँडविच खिशात घालून उतरू नका. माझ्या मुलाच्या दप्तरात निघालं होतं. नशीब, आमच्या तिघांत आधी मलाच दिसलं. सामानाच्या पट्ट्याकडे जाताना मोठे डबे ठेवलेले असतात, नको ते त्यांत टाकायला. कुणी काही विचारत नाही.

मग आणायचं काय? चहा, बिस्किटं, राजगिऱ्याची सीलबंद चिक्की, कारखान्यात भरलेली लोणच्याची बाटली, तळलेलं-भाजलेलं पाकीटबंद खाणं. आणि फार नाही. पहिल्या पंधरा दिवसांत घर शोधायचं, मुलाची शाळा बघायची, नोकरीवर रुजू व्हायचं. त्या दिवसांत रात्री भाताबरोबर कालवायला घरच्या चवीचं काहीतरी लागतं, तेवढं असलं की झालं. वर्षाची बेगमी करायची ही जागा नाही. मध आणता येतो, पण सांगून. आणि पर्थला जाणार असाल तर तोही नको, पश्चिम ऑस्ट्रेलियाचे नियम मधमाश्यांसाठी आणखी कडक आहेत.

भरायची पद्धत. खाण्याच्या सगळ्या वस्तू एकाच बॅगेत भरा आणि त्या बॅगेत वरच्या थरात ठेवा. प्रत्येक बॅगेत थोडं थोडं दडवून ठेवलं, तर पहाटे पाच वाजता बारा तासांच्या प्रवासानंतर चारही बॅगा पसराव्या लागतात, आतल्या कपड्यांसकट. झाकणावर आतल्या बाजूने यादी चिकटवा. एका ओळीत वस्तू, काय घालून केलीय, किती पाकिटं. इंग्रजीत लिहा आणि आपली नावं तशीच ठेवू नका. 'चिक्की' वाचून समोरच्याला काही कळत नाही, साखर आणि राजगिरा लिहिलं की कळतं. मूळ पाकीट फोडून डब्यात भरू नका. जागा वाचते, पण पाकिटावरची माहिती जाते आणि आत काय आहे हे सांगण्याचं काम तुमच्या तोंडावर येतं. मसाल्याच्या बाबतीत माझ्या तोंडाने काय केलं ते वर वाचलंच.

लोणच्याच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने गच्च बांधा, मग एक झिपची पिशवी, मग दुसरी, मग टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मध्ये. तेल वाट काढतंच. ते हाताशी ठेवायच्या बॅगेत नेऊ नका, तिथे पातळ पदार्थांना 100 मिलीची मर्यादा असते. आणि भारतातून निघतानाच अडणारी एक वस्तू आहे: सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून 2022पासून ते सामानात न्यायला बंदी आहे. तिकिटावर कितीही किलोंची मुभा असली तरी एक बॅग 32 किलोंच्या वर जाऊ देऊ नका, उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी केलेला तो नियम आहे.

जहाजाने सामान मागवणार असाल, तर त्यात खाण्याची एकही वस्तू घालू नका. बी534 नावाचा एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यातही हेच प्रश्न असतात. मिक्सरच्या भांड्यात पुडी ठेवणं, पिठाच्या डब्यात थोडं पीठ राहू देणं, हे सगळं खोक्यांच्या तपासणीत वर येतं आणि तपासणीचे पैसे तुमच्याकडूनच घेतात. डबे धुऊन, उन्हात वाळवून भरा. चाळणी उलटी करून झटका. पोळपाट-लाटणं, रवी या लाकडी वस्तू आणता येतात, फक्त साल किंवा पोखरलेली भोकं नसावीत. पाटा-वरवंट्याच्या खाचांत माती-पीठ राहतं, ते काढा. देवघर नेत असाल तर अन्नपूर्णेखालचे तांदूळ आधी काढा. हे सांगायला लागतं, कारण ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, इतके वर्षानुवर्षं तिथे असतात.

निघायच्या रात्री बॅगा कुलूपबंद करून किल्ल्या स्वतःजवळ ठेवा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. आई, मावशी, काकू, शेजारच्या आजी, सगळ्यांच्या हातात काहीतरी असतं आणि सगळ्यांना बॅगेची चेन उघडता येते. घरच्यांना आधीच सांगा, दुखवू नका. ओटी भरून घ्या, जरूर घ्या. मग त्याच तांदळाची खीर तिथेच करून सगळ्यांनी मिळून खा, नारळ वाढवून वाटा आणि ब्लाउजपीस बरोबर घ्या. माझी नणंद आली तेव्हा आम्ही असंच केलं. आईनेच खीर ढवळली.

विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टचं झालं की सामान घ्या, कार्ड हातात ठेवा. लॅब्राडोर कुत्रा येऊन बॅग हुंगतो, त्याला हात लावू नका, मुलांना आधी बजावून ठेवा. बॅगेपाशी तो शांत बसला म्हणजे त्याला काहीतरी सापडलं. तुमच्या कार्डावर 'होय' असेल तर घाबरायचं कारण नाही. काउंटरवर यादी पुढे करा. विचारलं तेवढं सांगा, उगाच पाककृती सांगत बसू नका. एखादी वस्तू अडली तर ती सोडून द्यायची, स्वतःच्या खर्चाने परत पाठवायची किंवा प्रक्रिया करून घ्यायची, असे पर्याय वस्तूप्रमाणे देतात. किलोभर मेतकुटासाठी डॉलर मोजू नका, सोडा. हुज्जत घालू नका. समोरच्या माणसाने ते नियम केलेले नाहीत आणि पहाटेची पाळी त्यालाही असते. आमची तपासणी वीस मिनिटांत आटोपली, तीही नारळ सापडूनसुद्धा.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. तिथे न सांगितलेल्या वस्तूसाठी 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच करतात. पण पदार्थांची यादी त्या त्या देशाची वेगळी असते, तेव्हा माझी यादी तिकडे वापरू नका. ऑस्ट्रेलियाचीही बदलत असते. इथल्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावर प्रवाशांसाठी पदार्थवार माहिती आहे. निघण्याच्या आठवड्यात ती पुन्हा एकदा बघा. तीन वर्षांपूर्वी भाचा काय घेऊन गेला होता ते धरून चालू नका.

घरी पोचल्यावर बॅगा रिकाम्या करताना सगळे कप्पे उलटे करून बघा. काही निघालं आणि त्यात किडा किंवा अळी दिसली, तर ते कचऱ्यात किंवा बागेत फेकू नका. पिशवीत घट्ट बंद करा आणि कृषी खात्याला फोन करून कळवा. माझ्या साडीच्या घडीत महिन्याभराने दोन अक्षता सापडल्या. तेवढ्या मी पिशवीत बांधून ठेवल्या आणि फोन केला. पलीकडच्या बाईंनी न हसता विचारलं, "दोन किलो का?" मी म्हटलं, नाही, दोन दाणे.